टेन कँडल्स: दहा मेणबत्त्या, मांद्र्याचं घर आणि पोदेराचा भोंगा

हा गेम आम्ही दोनदा खेळलो. एकदा मे महिन्यात गोव्यात पर्वरीच्या फ्लॅटमध्ये आणि एकदा जूनच्या शेवटी मांद्र्याला मित्राच्या जुन्या घरात, आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा की एकाच पुस्तकातून दोन्ही आले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पहिल्यांदा पार फसला. दुसऱ्यांदा असा रंगला की पुढचे तीन दिवस मी घरात दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नव्हते. सविस्तर लिहितेय कारण आमच्या ग्रुपमध्ये वर्षभर एकच वाद चालू होता, आरपीजी, म्हणजे एकेक पात्र घेऊन सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ, किती सिरीयसली खेळायची, थट्टामस्करी किती चालवून घ्यायची, आणि या गेमने त्या वादात मला जे दाखवलं ते कुठल्याही भांडणातून कळलं नसतं.

आधी गेम काय आहे ते. टेन कँडल्स हा स्टीफन ड्यूई यांचा 2015 साली आलेला हॉरर गेम. एक जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकी तीन ते पाच प्लेअर, एका बैठकीत संपतो, आरामात तीन-चार तास धरा. पीडीएफ ड्राइव्हथ्रूआरपीजी या साइटवर मिळते, मी ती घेऊन म्हापशाला प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतली. गोष्ट अशी की जग काळोखात गेलंय, सूर्य उगवत नाही, आणि त्या काळोखात 'ते' आलेत. ते म्हणजे कोण, हे पुस्तक सांगत नाही, दर वेळी टेबलावरच ठरतं. समोर दहा टीलाइट पेटवायच्या, खोलीतले बाकी सगळे दिवे बंद, आणि खेळ पुढे सरकेल तशी एकेक मेणबत्ती जाणार. शेवटची गेली की सगळे मेलेले असतात. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं, जिंकणं वगैरे प्रकारच नाही, आणि ते माहीत असूनसुद्धा माणूस जीव तोडून खेळतो हीच याची कमाल आहे.

फाशांचा भाग एकदम सोपा. जितक्या मेणबत्त्या पेटलेल्या तितके साधे सहा बाजूंचे फासे, सगळ्यांचे मिळून. काही अवघड करायचं असेल तर सगळे टाकायचे, एक जरी सहा पडला तरी काम झालं. ज्या फाशांवर 1 पडला ते त्या सीनपुरते हातातून जातात. एकही सहा नाही पडला की सीन संपला आणि एक मेणबत्ती विझवायची. मी हिशोब करून बघितला, 10 फाशांत निदान एक सहा यायची शक्यता 84 टक्के, 5 उरले की 60, आणि एकच उरला की 17 च्या आसपास. म्हणजे सुरुवातीला छाती पुढे काढून चालणारी माणसं शेवटी दार उघडायलासुद्धा घाबरतात, आणि तसं वागा म्हणून कोणी सांगितलेलं नसतं, समोरचे फासेच कमी झालेले दिसत असतात.

कॅरेक्टर कागदाच्या कार्डांवर. एक चांगला गुण, एक वाईट गुण, हे दोन्ही शेजाऱ्यांनी लिहून दिलेले. मग एक 'मोमेंट', म्हणजे कुठल्या क्षणी या माणसाला पुन्हा आशा वाटेल ते. आणि सगळ्यात खाली 'ब्रिंक', मी तुला अमुक करताना पाहिलंय असं शेजाऱ्याने लिहिलेलं एक काळं गुपित. 'त्यांचं' असं एक कार्ड जीएमलाही कोणीतरी लिहून देतो. वाईट फासे पडले तर वरचं कार्ड मेणबत्तीवर धरून जाळायचं आणि 1 पडलेले फासे परत टाकायचे. खरंच जाळायचं! आपल्या माणसाचा चांगुलपणा बोटांत धरून जळताना बघायचा. पुस्तकात वाचताना मला हे जरा नाटकी वाटलं होतं, हातात धरल्यावर वाटलं नाही.

आता वादाकडे येते. आमचं डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, दोन वर्षं चालू आहे, फिफ्थ एडिशन, रविवारी दुपारी म्हापशाला मावशीकडे. जीएम मांद्र्याचा मित्र. माझा मावसभाऊ बार्ड, म्हणजे गाणारा भाट, खेळतो, आणि तो टेबलावर असला की हसून हसून पोट दुखतं हे खरंच आहे, त्याच्यामुळेच निम्मे जण दर रविवारी येतात. पण गेल्या वर्षी एकदा गॉब्लिन्सनी जाळलेल्या गावात आम्ही पोचलो, जीएम सांगत होता की एक बाई राखेत मुलाला शोधतेय आणि दिसेल त्याला विचारतेय, आणि माझा भाऊ म्हणाला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघ गो, सगळं मिळतं तिथे. सगळे फुटले, मी पण हसले. जीएमने वही मिटली. ऑफिसवरून येऊन तीन रात्री जागून त्याने ते गाव लिहिलं होतं. त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जे काही झालं ते बोलायला नको, एक बाजू म्हणत होती आम्ही आठवडाभर राबतो, रविवारी मजा करायला येतो, दुसरी बाजू म्हणत होती मग लुडो खेळा, मी कशाला लिहू. दोन रविवार गेम झाला नाही.

मला तेव्हा दोघांचंही पटत होतं आणि म्हणूनच काही बोलता येत नव्हतं. नंतर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली की टेबल किती गंभीर राहणार हे बरंचसं नियमच ठरवतात, आणि त्यातही माणूस मेल्यावर काय होतं तो नियम. 1984 साली टून नावाचा गेम आला, कार्टूनचा, त्यात हिट पॉइंट संपले की तुम्ही आडवे पडता आणि तीन मिनिटांनी परत खेळात. त्याच वर्षीच्या पॅरानोइयात प्रत्येकाला सहा क्लोन, एक मेला की पुढचा हजर, मग मरण हाच विनोद होतो आणि तो तसाच व्हावा म्हणून नियम केलेला आहे. उलट 1981 च्या कॉल ऑफ क्थुलूमध्ये शरीर धड असलं तरी डोकं झिजत जातं, सॅनिटी गेली की ती सहज भरून येत नाही. आणि आमच्या डी अँड डीत? पाचव्या लेव्हलपासून आमच्या क्लेरिककडे, म्हणजे पुजाऱ्याच्या पात्राकडे, रिव्हिव्हिफाय नावाचा मंत्र, 300 गोल्डचा एक हिरा खर्च केला की मिनिटभरापूर्वी मेलेला उठून बसतो. खिशात पाच-सहा हिरे घेऊन फिरणाऱ्या माणसांना राखेतल्या बाईचं गांभीर्य वाटावं अशी अपेक्षा करताना आमच्या जीएमने आणि आम्हीही हे लक्षात घ्यायला हवं होतं. भाऊ मुळात निर्दय नव्हता, त्या जगात काहीच कायमचं जात नव्हतं.

म्हणून मी टेन कँडल्स आणला.

मे महिन्यातली पहिली बैठक. पंखा बंद, कारण मेणबत्त्या, आणि पुस्तकाचा नियम असा की कुठल्याही कारणाने मेणबत्ती विझली तरी ती विझलीच, परत लावायची नाही. पर्वरीत मे महिन्याच्या रात्री खिडक्या लावून पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. वरून आम्ही कोणी काही ठरवलं नव्हतं, जेवून उठलो आणि लगेच सुरू. एकाने कॅरेक्टर केलं सिनेमातला हिरो, एकीने तिचं मांजर. सगळे इंग्लिशमध्ये बोलत होते कारण पुस्तक इंग्लिश, आणि आम्हाला भीती इंग्लिशमध्ये बोलता येत नाही, इंग्लिशमध्ये आम्ही फक्त सिनेमासारखे डायलॉग मारतो. चाळीस मिनिटांत तीन मेणबत्त्या गेल्या, कोणाला वाईट वाटलं नाही, कोणीतरी लाइट लावला, आम्ही आइस्क्रीम खायला गेलो. गेम पडला असं सगळ्यांचं मत. माझंही, तेव्हा.

पुस्तकाबद्दल माझी पहिली तक्रार इथेच. तयारी लागत नाही हे गेमबद्दल अभिमानाने सांगतात आणि कागदोपत्री ते बरोबरही आहे, पण मनाची तयारी लागते आणि ती कशी करायची याबद्दल नवीन ग्रुपला हात धरून सांगणारं हवं तितकं आत नाही.

ते आम्हाला दुसरीकडून मिळालं. मांद्र्याच्या मित्राचे काका दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या लोकनाट्यात, राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करायचे. पेडण्यात वाढलेल्याला दशावतार काय ते माहीत असतंच, जत्रेत रात्रभर चालतो, सकाळी दहीकाल्याने संपतो. पण मित्राने एक गोष्ट सांगितली ती मी कधी विचारातच घेतली नव्हती, की आख्यानाला लिहिलेले संवाद नसतात. पेटाऱ्याशेजारी रंग लावत बसलेले असतानाच कथा ठरते, कोण कोणाला कुठे भेटणार, कुठे युद्ध, कुठे शोक, आणि मग रंगमंचावर जे बोलायचं ते जागच्या जागी सुचेल तसं. हे आरपीजीच आहे की! आणि तिथे विनोदाला जागा नाही असंही नाही, आधी संकासुर येऊन सगळ्या मांडवाला हसवतो, लोकांशी बोलतो, टोप्या उडवतो. पण आख्यानात राजाचा शोक सुरू झाला की त्या शोकाच्या मधे येऊन कोणी लोकांना हसवत नाही. ते आधी ठरवून घेतलेलं असतं, रंग लावताना.

मग आम्हीही ठरवून घेतलं. जूनमध्ये मांद्र्याच्या घरी जेवण झाल्यावर अर्धा तास वसरीत बसून फक्त बोललो. इंग्लिश नाही, मराठी आणि कोंकणी जशी येईल तशी. माणसं आपल्याकडची, गोष्ट इथलीच. आमच्यातल्या एकाचे वडील फेब्रुवारीत गेले, त्याने सांगितलं हॉस्पिटल नको, बस, पुढे कोणी काही विचारलं नाही. मधे एक कार्ड ठेवलं, त्यावर मोठी फुली, कोणालाही काही सहन झालं नाही तर त्यावर बोट ठेवायचं आणि जीएमने कारण न विचारता गोष्ट दुसरीकडे न्यायची. ही एक्स-कार्डची पद्धत बाहेर बरेच लोक वापरतात. माझं स्पष्ट मत आहे की सिरीयस खेळायचं असेल तर हे आधी हवं, नाहीतर ज्याला खरं दुःख आहे तोच पहिल्यांदा जोक मारून निसटतो आणि आपण त्यालाच म्हणतो की हा सिरीयस नाही. आणि हसण्यावर बंदी नाही हे मुद्दाम बोलून घेतलं. फक्त गोष्टीतल्या माणसाने हसायचं, गोष्टीला हसायचं नाही.

मावसभावाने कॅरेक्टर केलं पोदेर, म्हणजे पाववाला. सायकल, मागे पावाचा टोपला, भोंगा. त्याने तोंडाने भोंगा असा काही वाजवला, पोंऽ पोंऽ, की वहिनी, म्हणजे मित्राची वहिनी, ज्या पहिल्यांदाच असलं काही खेळत होत्या, त्या हसता हसता पाणी प्यायला उठल्या. खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपल्या माणसाचा शेवटचा निरोप फोनवर रेकॉर्ड करायचा असतो, सगळं संपल्यावर ऐकायला. भावाने रेकॉर्ड केलं, 'उद्या पाव येणार नाही, उधारी आहे ती तुमच्या वहीत लिहून ठेवा, मी विसरेन.' परत हशा. मला वाटलं, गेला हा पण.

काड्यापेटी सर्द होती, पाच-सहा काड्या मोडल्यावर एक पेटली. बाहेर पाऊस, कौलांवरून पागोळ्या. आमची माणसं मांद्र्यात अडकलेली आणि कुठूनतरी बातमी आलेली की आग्वादच्या दीपगृहात अजून दिवा आहे. म्हणजे चोपड्याहून शिवोलीचा पूल ओलांडायचा, मग हणजुणे, कळंगुट, कांदोळी, आणि वर किल्ला.

प्रत्येक सीन संपला की सगळ्यांनी मिळून 'सत्यं' सांगायची, जितक्या मेणबत्त्या उरल्या तितकी. कोणी काहीही सांगावं, ते खरं होतं. शेवटचं वाक्य सगळ्यांनी एकत्र म्हणायचं, आणि आम्ही जिवंत आहोत. पुस्तकात हे इंग्लिशमध्ये वाचताना मला काही वाटलं नव्हतं. त्या वसरीत सहा जणांनी मराठीत म्हटल्यावर अंगावर काटा आला. नऊ असताना कोणीतरी म्हणालं, पुलावर गाड्या एकमेकांत अडकून उभ्या आहेत. कोणीतरी म्हणालं, त्यात माणसं नाहीत. वहिनी म्हणाल्या, समुद्राचा आवाज यायचा थांबलाय. आयुष्यभर समुद्राजवळ राहिलेल्या बाईच्या तोंडून ते वाक्य आलं आणि बाहेर एवढा पाऊस असताना आम्ही सगळे समुद्राचा आवाज येतो का ते ऐकायला लागलो.

पुलावर पोदेराची सायकल गेली. गाड्यांमधून निघेना, सहा पडला नाही, सोडून पळावं लागलं, एक मेणबत्ती गेली. भाऊ त्याच्या त्या आवाजात म्हणाला, टोपल्यात वीस पाव होते हो. हसलो आम्ही. मस्त हसलो, आणि त्या हसण्याने काही मोडलं नाही कारण तो पोदेरच बोलत होता, माझा भाऊ नव्हे.

सहा मेणबत्त्या उरल्या होत्या तेव्हा हणजुण्याच्या पुढे कुठेतरी आम्ही शेतातून चाललो होतो. जीएम काही बोलतच नव्हता. मग अगदी हळू म्हणाला, पुढे, अंधारात, पोदेराचा भोंगा वाजला.

कोणी हललं नाही. सुरुवातीला 'त्यांच्या' कार्डावर माझ्या भावानेच लिहून दिलं होतं, मी त्यांना आपल्या माणसांचे आवाज काढताना पाहिलंय. तासापूर्वी ज्या आवाजावर पाणी प्यायला उठावं लागलं होतं त्याच आवाजाने आता वहिनींनी माझा हात धरला. वर्षभराच्या वादाचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं असं मी म्हणेन. तो भोंगा आधी गमतीचा नसता तर नंतर इतका भयानक झालाच नसता. आम्ही भांडत होतो ते जणू विनोद आणि गांभीर्य एका ताटातले दोन घास आहेत, एक जास्त घेतला की दुसरा कमी मिळणार. इथे एक दुसऱ्याच्या पोटातून आलं, आणि आलं ते एवढ्याचसाठी की जे झालं ते झालंच होतं. सायकल गेली ती गेली. कोणी नंतर म्हणालं नाही की माझ्याकडे दुसरी आहे.

तिसरी तक्रार नाही, पण दुसरी सांगते, मधला भाग रेंगाळतो. पाच ते तीन मेणबत्त्यांमध्ये सगळं सारखंच व्हायला लागतं, पळा, लपा, फासे टाका, आणि जीएमला सुचलं नाही तर तिथे खेळ नक्की झोपेल. आमच्याकडे एकदा वारा येऊन एक मेणबत्ती आपोआप गेली आणि तिने आम्हाला त्यातून बाहेर काढलं, दर वेळी असं होणार नाही. शिवाय हा पुन्हा पुन्हा खेळायचा गेम नव्हे. वर्षातून दोनदा, फार तर.

शेवट सांगू की नको कळत नाहीये, पण प्रत्येकाचा शेवट वेगळाच होतो तर सांगायला हरकत नाही. शेवटच्या मेणबत्तीपर्यंत सहसा कोणी मरत नाही, त्यानंतर मात्र जो हरला तो गेला. दीपगृहाच्या जिन्यावर पोदेर मागे थांबला. त्याच्या हातात ब्रिंकच्या वर एकच कार्ड उरलं होतं, 'दिलेला शब्द पाळतो', वहिनींनी लिहून दिलेलं. त्याने ते जाळलं, फासा परत टाकला, चार पडला. भाऊ म्हणाला, मी खालून भोंगा वाजवतो, जोपर्यंत वाजतोय तोपर्यंत तुम्ही चढत राहा, थांबला की समजा. आणि त्याने वाजवला, तोच आवाज, आणि मग थांबला. वर दिवा होता की नव्हता ते आम्हाला कळलं नाही, त्याआधीच काळोख झाला. मग पूर्ण अंधारात जीएमने फोनवरचे निरोप लावले. उद्या पाव येणार नाही. उधारी लिहून ठेवा, मी विसरेन.

त्यानंतर किती वेळ कोणी लाइट लावला नाही.

घ्यायचा असेल त्यांच्यासाठी कामाचं. फासे दहा पुरतात, वेगळ्या रंगाचे तीन-चार जास्तीचे ठेवा, होप डाय म्हणून लागतात, आपला 'मोमेंट' साधला की मिळतो तो फासा. कार्ड जाळायला स्टीलची खोल परात आणि तळाला पाणी, बशी चालत नाही, जळता कागद उडतो. टीलाइट एकदम स्वस्तातल्या घेऊ नका, आमच्या पहिल्या पाकिटातल्या दोन तासाभरातच संपल्या. खिडकी एक किलकिली ठेवा, धूर होतो. मे महिन्यात खेळू नका. दहा वर्षांच्या मुलांना बसवू नका, प्लीज. आणि तो आधीचा अर्धा तास बोलायचा, तो वाचवू नका.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या मधल्या रेंगाळण्याचा आणि नवीन माणसाला वाऱ्यावर सोडल्याचा.

गेल्या रविवारी परत डी अँड डी होतं, म्हापशाला, मावशीने चहाबरोबर शिरा केलेला, जुनंच टेबल, जुनाच दंगा. क्लेरिकने आपणहून सांगितलं की हिरे दोनच उरलेत असं धरूया. एका दारूच्या गुत्त्यात बार्डने नाच करून दाखवला, आम्ही लोळलो. मग निघताना मावसभाऊ फासे गोळा करता करता जीएमला म्हणाला, ती जळलेल्या गावातली बाई होती ना, तिचा मुलगा सापडला का रे?

जीएमने वही परत उघडली. म्हणाला, नाही. अजून शोधतेय.